वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात जमा झाला?

व्यापारी माणूस रात्री दुकान बंद करण्यापूर्वी गल्ला मोजतो. आवक किती, उधारी किती, हे वहीत उतरल्याशिवाय त्याला झोप येत नाही. पण आजच्या दिवसाचे चोवीस तास कुठे खर्च झाले, याची वही आपल्यापैकी कोणी ठेवतो का? पैशाचा हिशेब लागला नाही तर आपण मुनिमाला धारेवर धरतो. वेळेचा हिशेब लागला नाही तर मात्र, "काय करणार, हल्ली फुरसतच नाही," एवढे बोलून मोकळे होतो.

मी कापडाचा धंदा करतो. मालेगावचे ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेले कोरे कापड, घ्यायचे आणि रंगाई-छपाईसाठी पाली-बालोतऱ्याच्या बाजूला पाठवायचे, हे आमचे पिढीजात काम. गेल्या चाळीस वर्षांत या धंद्यात वेळ वाचवणारी इतकी साधने आली की खरे तर आपल्याकडे वेळेचे ढीग साचायला हवे होते. प्रत्यक्षात उलटेच झाले आहे. मग हा वाचलेला वेळ गेला कुठे? खतावणी उघडून बघावे तसे आज या प्रश्नाकडे बघू या.

अब्बांचा दिवस

माझ्या लहानपणी, म्हणजे साधारण १९८० च्या सुमारास, अब्बांच्या दिवसाला एक ठरलेली चौकट होती. फजरची नमाज, मग चहा, मग गादीवर बसणे. सकाळचा वेळ मागवाल्यांचा. ते तागे घेऊन येत, कापड जमिनीवर पसरून पाहिले जाई, भाव ठरे. दुपारी पोस्टमन येई. त्या पत्रांवर उद्याची खरेदी अवलंबून असे. जोहरनंतर जेवण आणि थोडी वामकुक्षी. असरनंतर बाजारात एक चक्कर, मगरिबनंतर हिशेब, आणि इशा झाली की दिवस संपला. रात्री दहानंतर कोणी दारावर थाप मारली, तर कोणी आजारी असेल किंवा कोणाचे निधन झाले असेल, असेच घरातले समजत.

हे सारे स्वर्गीय होते असे मी म्हणणार नाही. मुंबईला मूळजी जेठा मार्केटमध्ये एखाद्या व्यापाऱ्याशी दोन वाक्ये बोलायची तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास बसावे लागे. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि त्याहून महाग लायटनिंग कॉल, असे तीन दर होते. कॉल लागला तरी निम्मे बोलणे "हॅलो, ऐकू येते का" यातच जाई. वसुलीसाठी मुंबईला जायचे तर पहाटे मनमाड गाठून पंचवटी एक्स्प्रेस पकडावी लागे. एका दिवसात काम झाले नाही तर मुक्काम. म्हणजे त्या काळीही वेळ वाया जात होता, आणि भरपूर जात होता. फरक एवढाच की, वाया जाणारा वेळ दिसत होता. स्टेशनवर बसलो आहोत, टपालाची वाट पाहत आहोत, हे माणसाला कळत होते. त्या वेळात तो शेजारच्याशी बोलत होता किंवा निदान डोळे मिटून स्वस्थ बसत होता.

घड्याळ गिरणीतून आले

घड्याळाने माणसाचा दिवस ताब्यात घेतला ही कालपरवाची गोष्ट नाही. आपल्या धंद्यात तर त्याला दीडशे वर्षे होत आली. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे मालेगाव, भिवंडीकडे आली, तेव्हा ती घरात हातमाग चालवीत. उजेड असेपर्यंत विणायचे, अंधार पडला की थांबायचे. घरातली बायकामुले कांड्या भरीत. काम फार होते, पण त्याच्या वेळा घरच्या माणसांच्या हातात होत्या.

मुंबईत १८५४ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि ही रीत बदलत गेली. गिरणीत माणसाने यंत्राच्या वेळेवर यायचे होते. सुरुवातीला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. १८९० च्या दशकात गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिव्यामुळे कामगाराचे काम सोपे होईल असे वाटावे. झाले असे की सूर्य मावळण्याचे बंधन गेले आणि कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर पोहोचला. नवे साधन आले की वेळ वाचेल असे आपण धरून चालतो. तो वेळ कोणाच्या पदरात पडणार, हे मात्र साधन ठरवीत नाही. ते माणसांमधला करार ठरवतो.

म्हणूनच वेळेसाठी झगडावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांपर्यंत आणला. १९२२ मध्ये तो अकरा तासांवर आला, १९३४ मध्ये दहा तासांवर, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाला नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा आली. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागली.

खुद्द घड्याळावरूनही तंटा झाला होता. १ जानेवारी १९०६ रोजी साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे होती. आता गिरणीचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकवले आणि भोंगा त्याच आकड्यावर वाजवला, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने तेवढे आधी उठावे लागणार. त्यामुळे काही गिरण्यांतल्या कामगारांनी तेव्हा त्याला विरोध केला. मुंबई महापालिकेने तर जुनी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आज हे वाचून हसू येईल. पण त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आपली पहाट कोणीतरी परस्पर काढून घेत आहे, आणि ती फुकट द्यायची नाही.

बारा तासांची पाळी आणि मिनिटाचे कापड

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. त्यानंतर कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांकडे सरकले. काम आले, पण गिरणीत झगडून मिळवलेले तास त्याच्याबरोबर आले नाहीत. यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या हीच रीत पडली. एक जण सकाळी मागावर उभा राहतो, तो संध्याकाळी दुसऱ्याच्या हाती माग देतो. दिवसपाळीवाला काही दिवसांनी रातपाळीला जातो. कायद्याचे अठ्ठेचाळीस तास आजही कागदावर आहेत, पण बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे बहात्तर तास होतात. हा फरक भागाकार न करताही कळतो.

या शेडमध्ये एका तासाची किंमत काय, ते मोजून बघू. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, याला आपण पिक म्हणतो. साधा यंत्रमाग मिनिटाला सुमारे १२० पिक टाकतो. म्हणजे तासाला ७,२०० पिक. कापड ५२ पिकचे असेल तर तासाला १३८ इंच, म्हणजे साडेतीन मीटर कापड निघेल. धागा तुटणे, कांडी बदलणे यात वेळ जातो, म्हणून शंभरात ऐंशी धरा. तरी तासाला पावणेतीन मीटरच्या वर कापड होते. एका कारागिराकडे सहा माग असतील तर तासाला सतरा मीटरच्या आसपास. नवा एअरजेट माग मिनिटाला सहाशे आणि त्याहून जास्त पिक टाकतो. साध्या मागाला जे कापड विणायला बारा तास लागतात, ते त्याच्यावर अडीच तासांच्या आत उतरते.

आता यातली मेख पाहा. कारागिराला मजुरी मीटरवर मिळते. माग चालला तर पैसे, थांबला तर नाही. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता. वीज दिवसा जाई आणि अपरात्री येई. कारागीर शेडच्या ओट्यावर बसून राहत. घरी जावे तर वीज कधी येईल ठाऊक नाही, थांबावे तर पदरात काही नाही. तासाला सतरा मीटरच्या हिशेबाने चार तास वीज गेली, तर अडुसष्ट मीटरची मजुरी बुडाली. बारा तासांची पाळी तर भरलीच, पण मजुरी आठ तासांची. त्या चार तासांचे बिल कोणी भरले? मालकाने नाही, वीज मंडळाने नाही, आणि आम्ही व्यापाऱ्यांनी तर नाहीच. ते त्या ओट्यावर बसलेल्या माणसाने भरले.

थोडक्यात, वाट पाहण्याचा खर्च नेहमी खाली सरकतो. ज्याची अडचण जास्त, त्याच्या खात्यावर तो पडतो.

ट्रंक कॉलपासून खिशातल्या फोनपर्यंत

आता आपल्या गादीकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या शेवटी गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले. रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून अकरानंतर बूथवर रांगा लागत. धंद्याचे बोलणे रात्री करण्याची सवय तिथून लागली. १९९५ मध्ये देशात मोबाइल आला. तेव्हा बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, येणाऱ्या कॉललाही पैसे लागत. त्यामुळे माणूस मोजून बोलत होता. २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की मोजण्याचे कारणच उरले नाही. त्याच वर्षी यूपीआय आले. पूर्वी ड्राफ्ट काढायला बँकेत अर्धा दिवस जाई, ती रक्कम आता चहा थंड होण्याआधी पोहोचते. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल. कागद भरण्याचे कामही फोनवर आले.

माझ्यापुरता हिशेब मांडतो. टपालाची वाट, बँकेची रांग, मुंबईच्या खेपा, नमुने पोहोचवण्याचा वेळ, हे सारे धरले तर आठवड्याचे पंधरा-वीस तास तरी वाचले असतील. त्या तासांत मी काय केले? मुलांना जास्त वेळ दिला? नाही. वाचन वाढले? तेही नाही. दुकान लवकर बंद केले? उलट पूर्वी रात्री आठला बंद होणारे दुकान आता कधीच बंद होत नाही, कारण ते माझ्या खिशात आहे. रात्री साडेअकराला पालीहून कापडाचा फोटो येतो आणि मी अंथरुणात उठून बसतो. नमाजला उभे राहण्याआधी फोन बंद करा, अशा पाट्या आता मशिदीत लावाव्या लागतात. अब्बांच्या काळी अशी पाटी कशासाठी लागली असती?

फोनने घेतलेला वेळ एकरकमी जात नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. तीन मिनिटे इथे, पाच मिनिटे तिथे. आपल्या धंद्यात याला गळती म्हणतात. सूत वजनाला पूर्ण घ्यायचे आणि कापड झाल्यावर दर ताग्यामागे थोडे थोडे कमी भरायचे, तशी ही गळती. आणि नुसती मिनिटे जात नाहीत, मिनिटांतले लक्ष जाते. निम्मे लक्ष देऊन केलेले काम पुन्हा करावे लागते. ते पुन्हा कोण करतो, याची गोष्ट माझ्याच गादीवर घडली. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

अठ्ठेचाळीसचा घोटाळा

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक वयस्क मागवाले माझ्याकडे मजुरीवर काम करीत. सूत माझे, विणकाम त्यांचे. घरचेच सहा माग, मुले आणि पुतणे मिळून चालवीत. त्या दिवशी ते नव्या ऑर्डरसाठी माझ्यासमोर बसले होते. मी कानाला फोन लावून परगावच्या एका व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करीत होतो. मध्येच त्यांनी विचारले, "सेठ, पिक किती धरायचे?" मी त्याच क्षणी फोनवर म्हणालो, "अठ्ठेचाळीस." तो आकडा भावाचा होता. मी हात हलवला, त्यांनी मान हलवली आणि ते उठून गेले. ऑर्डर होती ५२ पिकची.

आठवड्याभराने अडीच हजार मीटर कापड आले, ४८ पिकचे. पोत विरळ. घेणाऱ्याने नाकारले. मी ते पडत्या भावात काढले आणि तुटीची सगळी रक्कम त्यांच्या मजुरीतून कापली. ते एवढेच म्हणाले, "सेठ, मी विचारून गेलो होतो." मी म्हणालो, "चाचा, चाळीस वर्षे माग चालवता, पॉपलीनला पिक किती लागतात तुम्हाला ठाऊक नाही?" ते गप्प बसले. त्यानंतर ते आले नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी माझ्या मोठ्या मुलाने विषय काढला. त्या दिवशी तो शेजारी बसून बिले करीत होता. "अब्बा, त्या दिवशी चाचांनी विचारले तेव्हा तुम्ही अठ्ठेचाळीसच म्हणाला होतात. मी ऐकले होते." मी त्याला विचारले, "मग तेव्हा का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "बोलायला आलो होतो दोन वेळा. तुम्ही फोनवर होता."

हे वाक्य मला कापलेल्या मजुरीपेक्षा जास्त लागले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेडवर गेलो. माग चालू होते, त्या आवाजात बोलणे अवघड. त्यांनी माग थांबवले. एक नाही, सहाही. तेवढा वेळ त्यांची मजुरी बुडत होती, हे मला तिथे उभा राहिल्यावर उमगले. मी रक्कम त्यांच्या हातात दिली आणि चूक माझी होती असे मुलांसमोर सांगितले. त्यांनी पैसे मोजले नाहीत. म्हणाले, "पैसे तर मिळाले सेठ. पण तो आठवडा आम्ही दोन्ही पाळ्या नीट काम केले होते."

तो आठवडा मी परत करू शकलो नाही. सहा मागांचा, दोन पाळ्यांचा, एका घराचा आठवडा. माझा वाचला होता एक मिनिट.

घरातले तास

हा हिशेब गादी आणि शेडवर संपत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पहिल्यांदा साऱ्या देशात लोक आपला वेळ कसा वापरतात याची पाहणी केली. दुसरी पाहणी २०२४ मध्ये झाली. सहा वर्षे आणि त्यावरील माणसांचा दिवस त्यात अर्ध्या अर्ध्या तासाने मोजला गेला. त्यातले दोन आकडे प्रत्येक घरात वाचावेत असे आहेत.

घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनमोबदल्याच्या घरकामाला २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या, २०२४ मध्ये २८९ मिनिटे. म्हणजे गॅस आला, मिक्सर आला, बऱ्याच ठिकाणी नळ आला, आणि पाच वर्षांत सुटका झाली दहा मिनिटांची. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला. म्हणजे आपण पुरुषांनीही नऊ मिनिटे वाचवली! दुसरा आकडा असा: करमणूक, टीव्ही, मोबाइल, खेळ अशा गोष्टींवर जाणारा दिवसाचा वाटा ९.९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेला. सुमारे दोन तास तेवीस मिनिटांवरून दोन तास अडतीस मिनिटांवर. वाचलेला वेळ कोणीकडे वाहतो आहे, याचा अंदाज यावरून येतो.

मागवाल्यांच्या घरात तर आणखी एक गोष्ट आहे. घरातल्या बायका कांड्या भरतात, ताग्यातले तुटके धागे साफ करतात. स्वयंपाक, पाणी, मुले यांच्या मधल्या वेळात हे काम होते. मधल्या वेळात होते म्हणून ते कोणी काम धरीत नाही. आपण कापडाचा उतारा काढतो तेव्हा सूत धरतो, वीज धरतो, मजुरी धरतो, वाहतूक धरतो. कांडी भरणारीचे दोन-तीन तास किती जण धरतात? घरच्या माणसाचे श्रम फुकट असतात, हा आपला सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा हिशेब आहे.

वाट पाहायला लावण्याची किंमत

आणखी एक वेळ आहे, जो आपण व्यापारी सहज उधळतो, कारण तो आपला नसतो. मागवाला बिलाच्या पैशासाठी येतो. "उद्या या." उद्या येतो. "मुनीम आला नाही." परवा येतो. "जुम्यानंतर बघू." जुन्या काळी आपण म्हणत होतो की, मुंबईचे पैसे आले नाहीत तर देणार कुठून. त्यात तथ्य होते. आता पैसा क्षणात येतो. मग मागवाल्याच्या खेपा का कमी झाल्या नाहीत? पैसा पोहोचायचा वेळ कमी झाला, पण द्यायची इच्छा तिथेच राहिली.

याबाबत कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योजकाकडून माल किंवा काम घेतले, तर लेखी करार असला तरी पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे असतात. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. व्याजाचा भाग आपण बाजूला ठेवू, आपल्यातल्या अनेकांना ते घ्यायचेही नाही आणि द्यायचेही नाही. मुद्दा मुदतीचा आहे. मागवाल्यांनी आपली उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती ऑनलाइन होते, त्याला सरकारी फी नाही. आणि व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, दुसऱ्याचे पैसे अडकवणे म्हणजे त्याचा वेळ अडकवणेच आहे. ज्या दिवशी तो माझ्या दारात बसतो, त्या दिवशी त्याचा माग दुसऱ्याच्या भरवशावर चालतो किंवा बंद असतो.

आता काय करावे?

घड्याळे मागे फिरवा असे मी म्हणत नाही. ट्रंक कॉलचे दिवस परत यावेत असे कोणालाच वाटणार नाही. त्या गोष्टीनंतर मी माझ्या गादीवर चार बदल केले. त्यात थोरपणा काही नाही, पण उपयोग झाला म्हणून लिहितो.

पहिला: ऑर्डर देताना फोन मुनिमाकडे. सुताचा काउंट, रीड, पिक, पन्हा, मीटर आणि माल द्यायची तारीख एका चिठ्ठीवर लिहायची, दोघांनी सही करायची, एक प्रत मागवाल्याला. यात दहा मिनिटे जातात. तेव्हापासून पिकवरून एकही तंटा झालेला नाही.

दुसरा: पैसे देण्याचा वार ठरवून टाकला. त्या दिवशी सकाळीच रक्कम खात्यात. कोणाला दारात यावे लागत नाही. एखाद्या आठवड्यात जमणार नसेल तर आदल्या दिवशी मी स्वतः कळवतो.

तिसरा: रात्री नऊनंतर धंद्याचा फोन नाही. पहिले दोन महिने वाटले की, सौदे हातचे जातील. एक-दोन गेलेही असतील. बाकीच्यांनी सकाळी फोन करायला सुरुवात केली.

चौथा: घरात कांड्या भरून देणाऱ्या बायकांची मजुरी मी मागवाल्यांच्या बिलात वेगळी ओळ घालून लिहितो. रक्कम मोठी नाही. पण एका मागवाल्याने सांगितले की, ती ओळ पाहून त्याच्या सुनेने पहिल्यांदाच बिल मागून वाचले.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी गावाचा आवाजच बदलतो. इतर दिवशी ज्या गल्लीत खटखटीशिवाय काही ऐकू येत नाही, तिथे मुलांचा गलका ऐकू येतो, हॉटेलात माणसे निवांत बसलेली दिसतात. आठवड्यातून एक दिवस साऱ्या गावाने मिळून थांबायचे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले आणि पाळले. एकट्यादुकट्याने ते जमले नसते. बाकीच्या सहा दिवसांतही आपण दोन-चार गोष्टी मिळून ठरवू शकतो. कमिशन घेणारे, माग चालवणारे आणि माल घेणारे एकत्र बसून पैसे देण्याचा एक वार आणि दुकान मिटण्याची एक वेळ ठरवली, तर कोणाचा धंदा बुडणार नाही.

ते चाचा आता पुन्हा माझे काम करतात. गेल्या महिन्यात चिठ्ठीवर सही करताना त्यांनी चष्मा पुसला, पिकचा आकडा दोनदा वाचला आणि विचारले, "सेठ, बावन्नच ना?" माझा फोन मुनिमाच्या टेबलावर वाजत होता. मी म्हणालो, "बावन्नच, चाचा. बसा, चहा येतोय."